‘कल्चर’ची शेवटची चिठ्ठी

प्रा. नसीम काझी यांचा आणि माझा परिचय माझ्या एका चुकीतून झाला. त्यांच्या षष्ट्यब्दीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात लेखकाने स्वतःच्या चुकीपासून आरंभ करावा, हे शिष्टाचाराला धरून नाही याची मला जाणीव आहे. परंतु ती चूक वगळली तर बाईंच्या कार्याचा आरंभच सांगता येत नाही.

बदनापूरच्या आमच्या महाविद्यालयात मी तेव्हा मराठीचा विभागप्रमुख होतो आणि बाई इंग्रजीच्या अध्यापक म्हणून नुकत्याच रुजू झाल्या होत्या. त्या जालन्याहून सकाळच्या गाडीने येत. विद्यार्थ्यांचे ग्रामशिबिर त्या वर्षी वाटूरला झाले. तिथल्या शेतकऱ्यांना वाटण्यासाठी तुरीच्या पेरणीवर एक पत्रक काढायचे ठरले. मूळ माहिती इंग्रजीत होती. बाईंनी ती सोप्या मराठीत उतरवली आणि शुद्धलेखनासाठी कागद माझ्याकडे आला.

बियाण्याला चोळायच्या जिवाणूंच्या पुडीसाठी त्यात ‘कल्चर’ हा शब्द पाच वेळा होता. मराठी पत्रकात पाच वेळा! मी तांबड्या शाईने पाचही ठिकाणी तो खोडला, वर ‘जिवाणूसंवर्धक’ असे सुवाच्य अक्षरात लिहिले आणि बाईंना न विचारता कागद छापखान्यात धाडला. पत्रकाखाली नाव मात्र बाईंचे होते.

पेरणीच्या तोंडावर वाटूरचे एक शेतकरी, किसनराव, ते पत्रक हातात घेऊन थेट आमच्या अध्यापककक्षात आले. बियाण्यासाठी जालन्याला आले होते, तिथून मुद्दाम बदनापूरपर्यंत आले.

“सर, हे संवर्धक कुठं भेटंल?” त्यांनी मला विचारले. “चार दुकानं हिंडून आलो. एक जण म्हणला, असलं काई येतच न्हाई. दुसरा म्हणला, दवाखान्यात इचारा.”

सहकारी हसले. मी किसनरावांना समोर बसवले आणि त्या शब्दाची फोड करून सांगितली. त्यांनी ती अतिशय सभ्यपणे ऐकून घेतली. त्यांना काहीही कळले नव्हते. तेव्हा कोपऱ्यातल्या खुर्चीवरून बाई म्हणाल्या, “किसनराव, तुम्हाला कल्चर पाहिजे. तुरीचं कल्चर.”

“मंग कल्चर म्हना की!” किसनरावांनी कपाळावर हात मारला. “ते तर आमी दरसाल चोळतो. गुळाच्या पाण्यात कालवायचं, बियाला चोळायचं, सावलीत वाळू घालायचं. कल्चर चोळल्याबिगर मी तूर पेरीत न्हाई. मला वाटलं, नवीनच काई निघालं!”

“ते ‘चोळल्याबिगर’चं वाक्य पुन्हा सांगता का?” बाईंनी विचारले. त्यांनी कागदाची एक चिठ्ठी काढली, ते वाक्य जसेच्या तसे लिहिले, खाली नाव आणि गाव लिहिले आणि किसनरावांना वाचून दाखवले. “बराबर आहे का?” “बिलकुल बराबर,” किसनराव म्हणाले. ती बाईंची पहिली चिठ्ठी.

त्याच दुपारी प्राचार्यांनी बाईंना बोलावून पत्रकाविषयी विचारले. बाईंनी एवढेच उत्तर दिले, की छापण्यापूर्वी आपण पुन्हा एकदा तपासायला हवे होते. खोडणारा हात कुणाचा, ते त्यांनी सांगितले नाही. मीही सांगितले नाही. आज, पंचवीसहून अधिक वर्षांनी, ते इथे लेखी नोंदवतो: तो हात माझा होता.

त्या एका चिठ्ठीतून पुढे एक पेटी तयार झाली. बाईंचे वडील जालन्यात जिल्दसाज होते. जुन्या वह्या-पुस्तकांची बांधणी करताना कागदाच्या ज्या कडा कापल्या जात, त्या ते लेकीसाठी जपून ठेवीत. त्याच कागदावर बाईंनी एका इंग्रजी शब्दाचे सगळे अर्थ आणि सगळा इतिहास गोळा करण्याचे काम हाती घेतले. इतिहास ग्रंथांतून मिळाला. लॅटिन भाषेत या शब्दाच्या मुळाशी जमीन कसणे होते, त्याच धातूत वस्ती करणे होते आणि पूजणेही होते. इंग्रजीत तो प्रथम शेतातच उतरला. मनाची मशागत असा अर्थ त्याला पुढे जडला, समाजाची राहणी हा अर्थ त्याहून उशिरा आला, आणि प्रयोगशाळेतील काचेच्या बशीत तो अगदी अलीकडे जाऊन बसला.

अर्थांच्या बाबतीत मात्र बाईंनी एक नियम केला आणि तो वर्षानुवर्षे पाळला. ज्या व्यवसायात तो शब्द आहे, त्या व्यवसायातील माणसाच्या तोंडून कामाच्या ओघात आलेले, तो शब्द असलेले वाक्यच चिठ्ठीवर चढेल. ते त्या माणसाला वाचून दाखवले जाईल. आणि त्याने मान्य केले तरच चिठ्ठी पेटीत जाईल. एका निवृत्त नकाशा-आरेखकांचे वाक्य मला पाठ आहे: “साहेब सांगायचे, डोंगर-नदी आधी काढा, कल्चर मंग भरा.” नकाशाच्या शास्त्रात माणसाच्या हाताने जमिनीवर जे जे उभे राहिले, त्या सर्वांना, म्हणजे रस्ता, विहीर, बांध, देऊळ, मशीद, विहार यांना मिळून हाच शब्द आहे, हे मला तोपर्यंत ठाऊक नव्हते. ती चिठ्ठी मिळाली त्या दिवशी बाई इतक्या आनंदात होत्या, की परतीची गाडी चुकली तरी त्यांना खंत वाटली नाही.

या चिठ्ठ्यांवरून बाई जो निबंध लिहीत होत्या, त्याचे मराठी मी तपासत असे. ‘न्हाई’चे ‘नाही’ करण्यासाठी माझी लेखणी शिवशिवे. बाई पेटी स्वतःकडे ओढून घेत आणि म्हणत, “निबंधात सगळं सुधारा, सर. चिठ्ठीला हात नका लावू. ते वाक्य ज्याचं त्याचं आहे.”

एक चिठ्ठी मात्र वर्षानुवर्षे कोरी राहिली. तिच्या वरच्या कडेला अर्थ लिहिलेला होता, ‘माणसांची संस्कृती’, आणि खाली वाक्य नव्हते. वाक्ये येत नव्हती असे नाही. प्राध्यापकांनी दिली, पुढाऱ्यांनी दिली, मीही एक दिले. तीन उपवाक्यांचे, घाट उत्तम साधलेले वाक्य होते ते. बाईंनी ते दोनदा वाचले आणि हसून परत केले. “व्याकरण निर्दोष आहे, सर. पण घरात असं कुणी बोलतं का?” ती कोरी चिठ्ठी भरल्याशिवाय निबंध छापायचा नाही, असा त्यांचा निश्चय होता. आम्ही सर्वांनी परोपरीने विनवले. त्या ढळल्या नाहीत.

आता ज्या प्रसंगाकडे वळतो, तो लिहिताना माझी वाक्ये नेहमीइतकी घट्ट बसणार नाहीत.

पाच वर्षांपूर्वी माझ्या पत्नी सुमनताई तापाने आजारी पडल्या. ताप उतरेना. त्यांना जालन्याच्या रुग्णालयात ठेवले. डॉक्टर आले, म्हणाले, “ब्लड कल्चर पाठवलंय, बघू,” आणि निघून गेले. मी बाकावर बसून राहिलो. समोरच्या भिंतीवर सूचनांचा एक मोठा फलक होता. त्यात अशुद्धे असलीच पाहिजेत. मला एकही दिसले नाही.

कुणी कळवले ठाऊक नाही, पण दुपारी बाई आल्या. मी त्यांना म्हणालो, “तुम्ही या शब्दावर इतकी वर्षे घालवलीत. डॉक्टर नेमके काय करीत आहेत, ते मला सांगा.”

बाई शेजारी बसल्या. “काकूंच्या रक्ताचा थेंब पेरलाय, सर. ज्या जंतूनं ताप आणलाय तो उगवून आला की दिसेल, आणि मग त्याला कोणतं औषध लागू पडतं ते कळेल. उगवायला दिवस लागतात. किसनराव पेरल्यावर रोज माती उकरून बघतात का?”

त्या वाक्याने मला धीर दिला. अहवाल येईपर्यंतचे तीनही दिवस बाई महाविद्यालयातून परस्पर रुग्णालयात येत. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे सुमनताईंची वेणी घालणे, त्यांना भरवणे हे सर्व बाईंनीच केले. अहवाल आला, औषध बदलले, आणि ताप उतरला. तोंडाला चव नव्हती. दहीभात चालेल असे डॉक्टर म्हणाले. बाईंनी घरून दही आणले. आजारानंतर सुमनताईंनी मागून घेतलेला पहिला घास त्या दह्याचा होता.

घरी परतलो तेव्हा दहा दिवस बंद असलेल्या घरात विरजण कुठले असणार? दुसऱ्या दिवशी बाई स्टीलच्या लहानशा डबीत आपल्या घरचे विरजण घेऊन आल्या. शेजारच्या एक बाई त्या वेळी बसल्या होत्या. नसीमबाई गेल्यावर त्यांनी विचारले, “हे विरजण त्यांच्या घरचं?”

सुमनताई तीर्थपुरीच्या शेतकरी घरातल्या आहेत, आणि बोलण्यात कुणाला हार जात नाहीत. “दही घट्ट लागलं का, ते इचारा,” त्या म्हणाल्या. “घराचं काय इचारता?”

आता या ग्रंथाविषयी. संपादक मंडळाची इच्छा होती, की बाईंचा निबंध याच ग्रंथात यावा. इतर सर्व लेख छापखान्यात गेले. ती चिठ्ठी अजून कोरी होती, म्हणून बाईंनी नकार कळवला. त्यांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया व्हायची आहे आणि लिहिणे-वाचणे त्यांना कठीण जाते, हे आम्हाला माहीत होते. निबंध आता राहिला तर कायमचा राहील, ही धास्ती सर्वांनाच होती. मला अधिक, कारण त्या निबंधाचे मूळ माझ्या तांबड्या शाईत आहे.

गेल्या महिन्यात मी शेवटचा प्रयत्न म्हणून बाईंना घरी बोलावले. माझी सर्व युक्तिवादाची वाक्ये तयार होती. ती मी क्रमाने म्हटली. बाई ऐकत होत्या, आणि कोरी चिठ्ठी त्यांच्या समोर टेबलावर होती. तेवढ्यात सुमनताईंनी जेवणाची ताटे आणली, बाईंच्या ताटात दही वाढले आणि म्हणाल्या,

“पोटभर खा, नसीमबाई. तुमचंच हाय. तुमचं विरजण मी अजून संपू दिलं न्हाई.”

मी पुढचा मुद्दा सुरू केला होता. बाईंनी हात वर करून मला थांबवले.

“पाच वर्षं, काकू?”

“मंग! रोज संध्याकाळी चमचाभर बाजूला काढून ठिवते. गावाला गेले तर डबी संगं नेते. ह्यांना इचारा, गाडीत सांडलं तवा किती बोलले मला.”

“तुमचं वाक्य लिहू का मी?”

“दह्याचं? लिहा की. त्यात काय हाय?”

बाईंनी चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. त्यांना बारीक अक्षर दिसत नव्हते, म्हणून लिहायचे काम मला करावे लागले. मी लेखणी उचलली आणि थांबलो. “बाई, तुमच्या नियमाप्रमाणे त्या वाक्यात तो शब्द असायला हवा. यात ‘कल्चर’ नाही.”

“नाही ना?” बाई म्हणाल्या. “विरजणालाही इंग्रजीत कल्चरच म्हणतात, पण ते जपणारे तो शब्द उच्चारत नाहीत. म्हणूनच इतकी वर्षं मिळालं नाही, सर.”

मी लिहिले. ‘न्हाई’ तसेच ठेवले. खाली नाव आणि गाव लिहिले: सुमनताई, तीर्थपुरी. मग नियमाप्रमाणे ते मोठ्याने वाचून दाखवले. सुमनताई म्हणाल्या, “बराबर हाय. आता जेवा, दही आंबट व्हायलं.”

या लेखानंतरच्या पानावर प्रा. नसीम काझी यांचा निबंध सुरू होतो. त्याचे मराठी मी तपासले आहे. चिठ्ठ्यांना हात लावलेला नाही.

बाईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांची दृष्टी पुन्हा निर्मळ होवो आणि पेटीत पुढच्या शब्दाच्या चिठ्ठ्या पडू लागोत, ही प्रार्थना मी करतो. सुमनताईंचा निरोप वेगळा आहे, आणि तो न सुधारता देतो: “डोळ्याचं झालं की सरळ हिकडं या. डबी भरून ठिवली हाय.”