छाप्याचं बदक

पौषातलं धुकं उरणजवळच्या तळ्यावरून अजून हललं नव्हतं. मैनानं आधणात तांदळाचं पीठ टाकून झाकण ठेवलं आणि पहाटे फाशात अडकलेलं बदक कापायला धरलं. त्याच्या एका पायात पत्र्याची कडी होती. कडीवर बारीक अक्षरं.

तिचा हात थांबला.

मैना मिठागरवाल्याची लेक. मिठाच्या राशीवर सरकारचा लाकडी छापा बसतो आणि तो मोडला की चोरी झाली असं धरतात, हे तिला चालायला लागायच्या आधी कळलं होतं. तिच्या बापाच्या राशीवरचा छापा अवकाळी पावसानं धुतला. पाऊस काही साक्षीला आला नाही. बापाचं आगर गेलं. तेव्हापासून देवळातला प्रसादसुद्धा मैना आधी हुंगते, असं गाव म्हणे. आता तिचा नवरा धर्मा मिठागरात कामाला होता. छाप्याचं बदक घरात सापडलं, तर त्याचंही काम जायचं.

तिनं बदक डालग्याखाली झाकलं, तोच बांधावरून दुर्बिणवाला आला. हा मुंबईचा माणूस रविवारी तळ्याशी पाखरं बघत बसे. बंदूक नाही, गळ नाही. नुसतं बघायला कोण बोटीचं भाडं भरतो? मिठागरावर नजर ठेवायला धाडलेला, अशी मैनाची खात्री.

"बाई, पायात कडी असलेलं बदक दिसलं का कुठं?"

"पायाकडं कोन बगतंय, सायेब?"

डालग्याखालून आवाज आला.

"कोंबडी हाय," मैना म्हणाली. पुन्हा आवाज आला. "पडसं झालंय तिला."

तो हसला. "कडी काढली नाहीत ना?"

मैनानं डालगं उचललं. "छापा मोडला न्हाय मी. बगून घ्या. नवरा आगरात हाय, त्याला ठावं न्हाय. नाव लिवायचं तर माजं लिवा."

"नाव कशाला? हे पाखरू कुठून येतं, कुठं जातं, ते कळायला कडी घालतात."

त्यानं अक्षरं वाचली, बदक तळ्यावर सोडलं आणि रामराम करून बंदराच्या वाटेला लागला. आगराकडे वळला नाही, हे मैनानं नीट पाहिलं. तरी तिच्या मनातली अढी जाईना. आपला माल हाती लागल्यावर सोडून देणारं सरकार तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. आज बदकाचा माग काढतात, उद्या माणसाचा काढतील.

तिनं खुराड्यातून एकेक कोंबडी ओढून पाय तपासले. सगळ्यांचे मोकळे होते.

मग हात धुऊन तिनं परात पुढं घेतली आणि निवत चाललेली उकड मळायला बसली.