येळवशीचं ताट

वजन कमी करणं सोपं आहे. मी तीनदा केलंय. अवघड असतं ते उतरलेलं वजन उतरलेलंच ठेवणं, आणि त्यात मी दोनदा सपशेल आपटले होते. तिसऱ्या वेळी नांदेडच्या एका सेंटरमध्ये नाव घातलं. सकाळी चॉकलेटच्या वासाची पावडर पाण्यात घुसळून प्यायची, रात्री परत तीच, आणि मध्ये एकदा काकडी आणि उकडलेले मूग. चार महिन्यांत सोळा किलो उतरले. जिना चढताना गुडघे कुरकुरेनासे झाले, साडीच्या निऱ्या वाढल्या, कॉलेजच्या ऑफिसातल्या बायका वळून बघायला लागल्या. मी मात्र आतून भेदरलेली. घरात भाकरीला मी 'कार्ब' म्हणायला लागले होते. ज्वारीच्या मुलखातली बाई भाकरीला कार्ब म्हणायला लागली की समजावं, हिचं काहीतरी बिघडलंय. पण मला सांगणार कोण? आणि सांगितलं तरी मी कुणाचं ऐकते थोडीच.

तशात आली येळवस. चाकूरजवळ आमच्या सासरची शेती आहे, थोरले दीर आणि जाऊबाई ती बघतात. जाऊबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणतो. मार्गशीर्षातल्या अमावास्येला आमच्याकडे गावंच्या गावं रानात जातात. कडब्याची खोपटासारखी कोप करायची, तिच्यात पूजा मांडायची, आणि मग रस्त्यानं जाणाऱ्यालासुद्धा हाताला धरून पंगतीला बसवायचं. आक्का दोन दिवस आधीपासून राबत असतात. ओली तूर, हरभरा, वाल, मेथी, गाजर, बोरं, जे हाती लागेल ते बेसनात घट्ट शिजवून केलेली भज्जी. बाजरीचे उंडे. गव्हाची खीर. आणि मातीच्या बिंदग्यात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, लसणाचा वास मारणारी.

त्या पंगतीत मी पर्समधून डबा काढला आणि मूग खायला लागले.

आक्का भज्जी वाढत माझ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. "हे काय गं?"

"मला चालत नाही, आक्का."

"म्हंजी? दोन दिस राबले ते चालत न्हाई व्हय?"

मी त्यांना कार्ब, कॅलरी असलं काहीबाही समजावायला गेले. त्यांनी ते पुरतं ऐकून घेतलं. "इख न्हाई घातलं त्यात," एवढंच म्हणाल्या आणि पुढच्या ताटाकडे वळल्या. नंतर दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. निघताना मात्र रीत म्हणून मोठा डबा भरून गाडीत ठेवला.

तो डबा माझ्या मांडीवर होता. शिरूर ताजबंदपर्यंत मी नुसता वास घेतला. अहमदपूर मागं पडल्यावर एक उंडा मोडला. लोहा यायच्या आत डबा चाटूनपुसून साफ. चव कसली होती विचाराल तर सांगता येणार नाही, कारण मी खात नव्हते, कोंबत होते. शेजारी नवरा गाडी चालवत होता. घरात पाऊल टाकल्या टाकल्या मी जाहीर केलं, की उद्या फक्त पाणी आणि परवापासून पावडर.

"किती वर्षं प्यायची ती?" त्यानं विचारलं.

"वजन टिकवायचं तर प्यावीच लागेल."

"मरेपर्यंत?"

टोमणा असता तर मी परतवला असता. पण त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मला इतका राग आला की मी चप्पल न काढताच स्वयंपाकघरात जाऊन बसले. तिथं बसल्या बसल्या कळलं, की दोन्ही वेळा वजन असंच परत आलं होतं. आधी तोंड शिवून घ्यायचं, मग टाके उसवले की तुटून पडायचं, आणि प्रायश्चित्त म्हणून परत तोंड शिवायचं.

पावडर संपली, ती पुन्हा आणली नाही. दुपारी दीड भाकरी, पालेभाजी, घट्ट वरण, मुळा आणि ताक, असं बसून जेवायला लागले. संध्याकाळी पोटात कावळे ओरडायच्या आत मूठभर फुटाणे. रात्री लवकर, बेतानं. गोड रविवारी, पण ते चारचौघांत आणि वाटीत घेऊन. रोज गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जायचं. सुरुवातीला काटा दोन किलो वर सरकला आणि माझी पाचावर धारण बसली. पण मी जेवण सोडलं नाही. मग काटाही तिथंच थांबला, तो थांबलाच.

तरी खरी परीक्षा राहिली होती. आक्का वर्षभर फोनवर कामापुरतं बोलत होत्या. मला गुडघेही शाबूत हवे होते आणि आक्कांच्या पंगतीतलं ताटही. एकापायी दुसरं सोडायची माझी तयारी नव्हती.

औंदाच्या येळवशीला घरून भाकरी आणि कारळाची चटणी खाऊन निघाले. पूर्वी अशा दिवशी मी सकाळपासून उपाशी राहून पुण्य साठवायची. शेतात सगळ्यांबरोबर 'ओलगे, ओलगे' असा येळवशीचा पुकारा करत, आंबील शिंपडत पिकाला वेढा घातला. पुढच्या आठवड्यात काटा जागचा हलला नव्हता, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे जेवणाकडे निवांत बघता येईल.

मी ताट घेतलं. आक्कांनी भज्जी वाढली, उंडा ठेवला, खीर ओतली. मी सावकाश जेवले. बोराची आंबटगोड चव, दाताखाली येणारा तुरीचा दाणा, सगळं लागत होतं. भज्जी परत मागून घेतली, आंबील दोनदा प्यायले. आक्का पुन्हा उंडा घेऊन आल्या. "घे की. का आजबी चालत न्हाई?"

सवयीनं तेच तोंडाशी आलं होतं. पण ते आता खोटं ठरलं असतं.

"चालतंय की, आक्का. पण पोट भरलं."

कित्येक वर्षांत हे दोन शब्द मी खरे म्हणून उच्चारले नव्हते. डाएटमध्ये पोट कधी भरत नव्हतं, आणि कोंबताना ते भरलेलं कळत नव्हतं. आक्कांनी माझं निपटलेलं ताट पाहिलं, माझं तोंड पाहिलं. मी आणखी काही बोलणार, तोच असा खणखणीत ढेकर आला की पलीकडच्या बांधावर बसलेल्या दिरांनी मान वळवली.

"हां! आता जेवलीस बघ," आक्का म्हणाल्या, आणि हसत सुटल्या.

मग, ज्या आक्का सगळी पंगत उठल्याशिवाय कधी घास घेत नाहीत, त्या माझ्या शेजारी मांडी घालून बसल्या. एक रिकामं ताट पुढं ओढलं.

"वाढ आता मला. लई भूक लागलीया."

मी पदर खोचला आणि भज्जीची पळी हातात घेतली.