ळ शिकवणारी बाई

बालवाडीत शिकवून मी फार मोठं काम करते आहे, अशी माझी निदान तीन-चार वर्षं तरी ठाम समजूत होती. नाकं पुसायची, ओल्या चड्ड्या बदलायच्या, एकाच्या डब्यातला ठेचा दुसऱ्याच्या डोळ्यांतून धुऊन काढायचा, हे तर दिवसभर चालायचंच. पण ती कामं मी किरकोळ समजायचे. माझं खरं काम होतं भाषा सुधारण्याचं. ते मला कोणी सांगितलं नव्हतं, मीच अंगावर घेतलं होतं.

मी मूळची धुळ्याकडची. घरी आम्ही सगळे अहिराणी बोलणारे. पुढे जळगावला बालवाडीचं प्रशिक्षण घेतलं, तिथल्या एका बाईंनी पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडातला ‘शे’ काढून त्या जागी ‘आहे’ बसवला. तो मला इतका मानवला की नव्वदच्या आसपास फैजपूरजवळच्या एका गावात बालवाडीवर लागले, तेव्हा माझ्या बोलण्यात खानदेश औषधालाही उरला नव्हता. निदान माझं तसं मत होतं. धुळ्याचं कोणी भेटलं आणि ‘तू आमना गावनी शे ना?’ म्हणालं, की मी ‘हो, तिकडचीच’ असं म्हणून विषय बदलायचे.

बालवाडीची खोली केळी सोसायटीच्या गोदामाला लागून होती. ट्रक भरायला लागला की पलीकडचे हमाल मोठ्याने घड मोजायचे आणि माझी पोरं गाणं सोडून त्यांच्याबरोबर मोजायला लागायची. मोजणी त्यांना हमालांनी शिकवली, हे मी अहवालात कधी लिहिलं नाही.

त्या भागातल्या बोलीत ‘ळ’ला थारा नाही. शाळेला शाया म्हणतात, डोळ्याला डोया, आणि ज्याच्या जिवावर अख्खं गाव उभं आहे त्या केळ्यालाही केय. हे ऐकून मला पहिल्या दिवशी खरोखर वाईट वाटलं. एवढ्या गोड मुलांना एक अख्खं अक्षर मिळू नये! मी कंबर कसली. रोज प्रार्थनेनंतर ‘ळ’चा तास सुरू केला. जीभ वर न्यायची, टाळूला मागे टेकवायची आणि झटकन खाली आपटायची. मी आ वासून दाखवायचे आणि सगळी पोरं माझ्या तोंडात डोकावायची. त्या तासातून ‘ळ’ लवकर आला नाही, पण बाईंची मागची दाढ किडली आहे हे आठवड्याभरात गावभर झालं. भाजी घ्यायला गेले तर भाजीवाल्या अक्कांनी लवंग दिली.

अशात एका दुपारी एका मुलीची आई मला भेटायला आली. तिच्या नवऱ्याला जळगावला पाइपच्या कारखान्यात नोकरी लागली होती आणि जूनपासून सगळे तिकडे राहायला जाणार होते. जळगावातल्या एका चांगल्या शाळेत मुलीला पहिलीला घालायचं तिच्या मनात होतं, पण तिथे आधी मुलाखत घेत. मुलीला मी तयार करावं, एवढंच तिचं मागणं होतं. इतर आया अशी कामं सांगताना हसत-लाजत सांगतात. ही एकदाही हसली नाही. मागच्याच महिन्यात ती खोली बघायला जळगावला गेली होती, तेव्हा शेजारच्या बायका तिचं बोलणं ऐकून तिच्या तोंडावर हसल्या होत्या. ते सांगून ती म्हणाली, “मले हसले त हसू द्या. तिले कोनी हसाले नको.”

मला भरून आलं. आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला. इतके दिवस माझ्या ‘ळ’ला कोणी गिऱ्हाईकच नव्हतं, आता आपणहून आलं होतं. मुलीला प्रवेश मिळणारच, तुम्ही निर्धास्त राहा, असं मी छातीठोकपणे सांगून टाकलं.

पोरगी पाच वर्षांची, चुणचुणीत, आणि एकदा धरलं की न सोडणारी. बाकीची मुलं घरी गेली की मी तिला बसवून चित्रं दाखवायचे. नुसता शब्द चालणार नाही, पूर्ण वाक्य हवं, हा माझा नियम. हे केळे आहे. हा डोळा आहे. ‘आहे’ राहिलं की मी तर्जनी वर करायचे आणि ती पुन्हा म्हणायची. महिन्याभरात तिची जीभ अशी वळायला लागली की मीच ऐकत राहायचे. एके दिवशी ती दारातून पळत आली आणि म्हणाली, “बाई, गाळ आली, गाळ!” त्या ‘ळ’चा ठसका ऐकून मी टाळ्या वाजवल्या. मागून खोलीत खरोखर एक गाय शिरली होती आणि खाऊच्या पातेल्यात तोंड घालत होती. मी गाय हाकलली, पण ‘गाळ’ काही माझ्या डोक्यात शिरला नाही.

मुलाखतीला मीही बरोबर गेले. गरज नव्हती, पण कौतुक ऐकायला कोणीतरी हवं ना. सकाळच्या बसने तिघी निघालो. वाटेत मी आईला बजावून ठेवलं की तुम्ही आत काही बोलू नका, मी आहे. ती तशीही बोलत नव्हती. नवी साडी नेसून, पोरीचा हात घट्ट धरून बसली होती, आणि हात सुटला तर प्रवेशही सुटेल असं तिच्याकडे बघून वाटत होतं.

मुख्याध्यापिका बाई वयस्क होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी चित्रांचा गठ्ठा काढला. पहिलं चित्र केळ्याचं. “हे केळे आहे,” पोरगी खणखणीत म्हणाली. मग डोळा, मग फळा. मी खुर्चीत हळूहळू फुगत चालले होते. चौथं चित्र आलं.

“ही गाळ आहे.”

बाईंनी चित्र स्वतःकडे वळवून पाहिलं. गायच होती. त्यांनी पुढचं दाखवलं, पोरीने “हा पाळ आहे” असं सांगितलं आणि खात्रीसाठी स्वतःचा पाय वर करून दाखवला. तेव्हा कुठे मला उमगलं की मी इतके महिने काय शिकवलं होतं. ‘य’ म्हटला की बाई रागावतात आणि ‘ळ’ म्हटला की टाळ्या वाजवतात, हे पोरीने पक्कं धरलं होतं आणि जगातले सगळे ‘य’ हुडकून साफ केले होते.

मुख्याध्यापिका बाईंनी चित्रं बाजूला ठेवली आणि आईकडे बघत प्रेमाने विचारलं, “बरं, या तुझ्या कोण?”

घरी ती आईला माय म्हणायची. तिने आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, जीभ नीट वर नेली आणि म्हणाली, “ही माझी माळ आहे.”

बाईंनी आईच्या गळ्याकडे पाहिलं आणि माळ छान आहे, पण या कोण, असं पुन्हा विचारलं. पोरीने तेच उत्तर पुन्हा दिलं. आईचा चेहरा उतरला. तिला नेमकं काय चुकलं ते कळलं नव्हतं, पण कोणीतरी आता हसणार एवढं तिला कळलं होतं, आणि तिने पोरीला जवळ ओढलं.

मला ते बघवेना. मी ताडकन उठले. दोष मुलीचा नाही, सगळा माझा, असं काहीतरी शुद्ध आणि मुद्देसूद बोलायचं होतं. पण तोंडातून भलतंच बाहेर आलं. “मॅडम, पोर भलती हुशार शे!”

इतक्या वर्षांनी तो ‘शे’ कुठून आला देव जाणे. तेवढ्यात पोरगी आईच्या कुशीतून बाहेर आली, तिने तर्जनी वर केली, अगदी मी करते तशी, आणि समजावणीच्या सुरात म्हणाली, “बाई, ‘आहे’ म्हणा.”

मुख्याध्यापिका बाई हसल्या, चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसल्या. ते हसणं वेगळं होतं, आईलाही ते कळलं असावं, कारण तिचे खांदे सैल पडले. हसून झाल्यावर त्या म्हणाल्या, “हिला जूनमध्ये पाठवा. तुमचं मात्र काही सांगता येत नाही हं.”

मी निमूटपणे आभार मानले. फक्त ‘धन्यवाद’ म्हटलं, पुढे क्रियापद येऊ दिलं नाही.

परतीच्या बसमध्ये पोरगी आईच्या मांडीवर झोपून गेली. मी झाल्या फजितीचं हसू करत होते, आईही हसत होती. भुसावळ मागे पडलं तशी ती पोरीच्या केसांतून हात फिरवायला लागली. मग म्हणाली, “बाई, आता पोरगी माह्यासंगं कसं बोलीन?”

त्यात काय, शाळेत शाळेसारखं बोलेल आणि घरी घरच्यासारखं, असं मी लगेच सांगितलं. तिने मान हलवली. तिला ते पटलं असावं. मग अगदी साधेपणाने, माहिती विचारावी तसं तिने विचारलं, “तुम्ही बोलता तसं, तुमच्या मायसंगं?”

मी सुट्टीत धुळ्याला जायचे तेव्हा आई ओट्यावर शेजारणींशी हातवारे करून, खदखदून हसत बोलत असायची. मी दिसले की थांबायची. पदर सारखा करायची आणि एकेक शब्द जपून म्हणायची, “आलीस का? बस. मी चहा ठेवते आहे.” मला वाटायचं, माझ्यामुळे आई सुधारली. त्या बसमध्ये पहिल्यांदा कळलं, की ती माझ्यापुढे मुलाखतीला बसायची.