डावरीचं गाठोडं

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरात लॉन्ड्री होती आणि लॉन्ड्रीत मावशी. पाठीमागे आम्ही सगळ्या नर्स तिला फौजदार म्हणायचो. मळक्या चादरीत सुई सापडली की ती पत्र्याच्या डब्यात खुळखुळवत तीन जिने चढून थेट वॉर्डात यायची आणि विचारायची, "कुणाची ही?" त्या दिवशी रजेवर असलेल्या मुलीचीही बोबडी वळावी, असा आवाज. खरं तर तिला उत्तराची गरजच नसायची.

कारण ती गाठीवरून माणूस ओळखायची. पेशंटची चादर आम्ही जागेवरच गुंडाळायचो, तिची टोकं बांधायचो आणि गाठोडं खाली पाठवायचो. थोरल्या सिस्टरची गाठ दातांनी सोडवावी अशी घट्ट, लग्न ठरलेल्या पोरीची अर्ध्या जिन्यातच सुटणारी. मी डावखुरी, माझी गाठ उलटी पडायची. म्हणून मी तिची डावरी.

सव्वीस वर्षं तिने त्या वाफेत काढली. नवरा लवकर गेला, एकटीने मुलगी वाढवली. सोड्याच्या पाण्याने बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झाली होती की हजेरीच्या मशीनवर तिचा अंगठा उमटायचाच नाही. "माझ्यावर चोरीचा आळ कुणी घेऊच शकत नाही," म्हणायची आणि स्वतःच हसायची. एका गोष्टीचा मात्र तिला फार अभिमान होता. इतक्या वर्षांत तिला एकही सुई टोचली नव्हती. प्रत्येक गाठोडं ती लांब चिमट्याने उकलायची आणि चादरीची एकेक घडी बघायची.

मला थोरल्या सिस्टरने पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. सुईला टोपण परत लावायचं नाही, सुई कुठे टेकवायची नाही. जिने टोचली तिनेच लगेच डब्यात टाकायची. आणि सुयांचा डबा हाताशी नसेल तर सुई उघडायचीच नाही. दीड वर्ष मी ते काटेकोर पाळलं. मावशी चारचौघींत म्हणायची, "डावरीचं गाठोडं डोळे मिटून उघडावं." मी लगेच हवेत. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

त्या आठवड्यात दोनदा सुया सापडल्या होत्या आणि मॅट्रनबाईंनी जाहीर केलं होतं, "पुढची सुई जिची निघेल, ती घरी." तिसऱ्या दिवशी सकाळी मी सात नंबरच्या माणसाचं रक्त काढलं. त्याला रक्तातून पसरणारी कावीळ होती. रक्त बाटलीत भरलं, एवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्यांचा श्वास अडकला. डबा खोलीच्या दुसऱ्या टोकाला होता. सुई मी चादरीवर ठेवली, क्षणभरासाठी, आणि धावले.

म्हातारे वाचले. अर्ध्या तासाने परत आले तर सात नंबरने उलटी केली होती. मी घाईघाईने चादर गोळा केली, गाठ मारली, खाली पाठवली.

जेवताना एकदम आठवलं, ती सुई कुठे गेली? मग मीच मला समजावलं, टाकली असेल. खाली फोन करायला एक मिनिट लागलं असतं. पण माझ्या गाठोड्यात सुई आहे का, हे मी कुठल्या तोंडाने विचारणार होते? त्या दिवशी मावशी वर आली नाही. म्हणजे सुई नव्हतीच, असं मी धरून चालले.

अडीच महिन्यांनी मावशी वर आली ती स्ट्रेचरवर, डोळे हळदीसारखे पिवळे. तिचं रक्त काढायला मलाच पाठवलं. मी सुई हातात घेतली.

"डबा कुठाय?" तिने विचारलं. "आधी डबा जवळ घे."

मी डबा उशाशी आणून ठेवला. रक्त काढलं, सुई आत टाकली, मग विचारलं, "मावशी, सुई टोचली होती का गं कधी?"

तिने टोचलेल्या जागेवरचा कापूस दाबून धरला.

"एकदाच. तुझ्याच गाठोड्याला चिमटा लावत नव्हते ना मी."

मला रडू आवरेना. "सांगितलं का नाहीस? त्याच दिवशी इंजेक्शन दिलं असतं!"

"सांगितलं असतं तर तुला घरी बसवलं असतं. मला वाटलं, साबणाने खसाखसा धुतलं की झालं. आयुष्यभर धुतलंच तर आहे मी." तिने माझ्या हातावर थोपटलं. "रडू नकोस, वेडे. लोक बघतायत."

लस आम्हा नर्सना दिली होती, डॉक्टरांना दिली होती. लॉन्ड्रीतल्या बायका त्या यादीतच नव्हत्या. हे मला माहीत होतं आणि मला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

नवव्या दिवशी ती गेली. तिची मुलगी माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "आई तुमचं फार कौतुक करायची." मी तिला त्याच दिवशी सगळं सांगितलं. तिने हात काढून घेतले आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं काही चुकलं नाही. मॅट्रनबाईंकडे लेखी कबुली दिली. त्यांनी मला काढलं नाही, वाचून म्हणाल्या, "हे अडीच महिन्यांपूर्वी लिहायचं होतं." लॉन्ड्रीतल्या बायकांना पुढच्या महिन्यात लस मिळाली.

याला आता अकरा वर्षं झाली. परवा लॉन्ड्रीतली नवी बाई जिन्यात भेटली. हसून म्हणाली, "सिस्टर, उलट्या गाठीचं गाठोडं तुमचंच ना? तुमच्यात कधी काही सापडत नाही. तुमचं मी तशीच हाताने उघडते."

मी तिचा दंड इतक्या जोरात धरला की ती घाबरली. तशीच तिला खाली घेऊन गेले, खिळ्यावरचा मावशीचा चिमटा काढून तिच्या हातात दिला आणि माझं गाठोडं तिच्यापुढे ठेवलं.

"उघड," म्हटलं. "मी बघते."