पोपटकाकांची खारी बाग

पोपटकाका चहा पीत नसत, ओढत. बशी ओठांना टेकली की 'सुर्रर्र' असा आवाज निघे आणि मधली भिंत ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात येई. चार वाजले हे आम्ही त्यावरूनच ओळखायचो. सुमनकाकू लग्नापासून त्यांना या आवाजावरून बोलत आल्या होत्या आणि काका तेव्हापासून ऐकत नव्हते.

दिंडोरीकडची द्राक्षबाग मुलाच्या हवाली करून दोघं गंगापूर रोडला आमच्या शेजारी राहायला आली. जन्मभर बागेला पाणी दिलेला माणूस फ्लॅटमध्ये करणार काय? बेसिनचा नळ उघडून नुसता बघत बसायचा. एकदा काकूंचे गुडघे दाखवायला द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात गेले, तर तिथे काचेच्या टाकीत समुद्रातली प्रवाळं डुलत होती. गुडघे राहिले बाजूला. परतल्यावर थेट माझ्या दारात उभे. "बाग हाय ती, मास्तर. खाऱ्या पाण्याची. आन् बागेला पाणी कसं द्यायचं, हे मला कुणी शिकवायचं नाय."

काकूंनी परवानगी दिली ती एका अटीवर. हॉलची फरशी नवी होती. तिच्यावर पाणी सांडलेलं दिसलं तर टाकी त्याच दिवशी घराबाहेर. काकांनी देवघराकडे हात करून कबूल केलं.

रचना तशी सोपी होती. मोठी टाकी वर, छोटी खाली कपाटात. वरचं पाणी कडेवरून खाली उतरायचं, तिथे गाळलं जायचं आणि पंपाने पुन्हा वर चढायचं. पण काकांनी बागेतले उरलेसुरले पाइप आणले आणि हॉलभर खडूने आराखडा काढला. काकूंना त्यातून उड्या मारत देवापर्यंत जावं लागे. पाणी नीट फिरतंय का हे पाहायला त्यांनी कपड्यांच्या टबात पंप सोडून चिमूटभर हळद टाकली. चिमूट त्यांच्या हाताची होती. टबाचं वरण झालं. "कोपऱ्यात पाणी थांबलं की रोग आलाच समजा," असं म्हणत ते त्या वरणाकडे कौतुकाने बघत होते. पुढे बरेच दिवस त्यांचे सदरे पिवळसर दिसत.

वर जाणाऱ्या पाइपचं तोंड मात्र त्यांनी थेट वरच्या टाकीच्या तळाशी नेलं आणि सांधे पक्के चिकटवले. इतकं खाली कशाला, असं मी विचारलं.

"पाणी मुळाशी द्यावं, मास्तर. शिव्या लांबून."

प्रवाळांना मुळं नसतात, असं मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं.

टाकीच्या पूजेचा मुहूर्त शनिवारचा निघाला. शनिवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी वीज जाते, हे मुहूर्त काढणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. अख्खी सोसायटी मासे बघायला आली आणि तिला दगड दिसले. आधी पाणी मुरू द्या, लोणचं घातल्या घातल्या खाता का, असं काका प्रत्येकाला समजावत होते. सोवळं नेसून त्यांनी पंप सुरू केला, पाणी फिरलं, टाळ्या पडल्या, पंगत बसली. पुरणपोळीवर तूप पडतंय तोच वीज गेली.

बागेत सोडलेलं पाणी कधी परत येत नाही. हे आलं. पंप थांबताच वरची टाकी त्या मुळाशी दिलेल्या पाइपातून उलटी खाली रिकामी होऊ लागली, खालची भरून वाहिली आणि पाणी कपाटातून नव्या फरशीवर निघालं. पंगत ताटं घेऊन उठली. काका स्टुलावर चढले, खांद्यापर्यंत हात टाकीत घातला आणि पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धरला. पाणी थांबलं. आता वीज येईपर्यंत अंगठा काढायची सोय नव्हती.

फरशी पुसून झाली, पाहुणे जेवून विडे खाऊन गेले, तरी काका स्टुलावरच. शेवटी काकू ताट घेऊन त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. एवढा धिप्पाड माणूस, पण रडवेला झाला होता.

"सुमन, टाकी जायची का आता?"

"तोंड उघडा आधी."

काकूंनी घास भरवला. ओल्या कपाटाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाल्या, "राहू द्या. लग्नापासून पहिल्यांदाच एका जागी गप उभे राहिलात."

दुसऱ्याच दिवशी काकांनी त्या पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरासं खाली एक छिद्र पाडलं. आता वीज गेली की पाणी थोडं उतरे, छिद्र उघडं पडे, पाइप हवा ओढून घेई आणि पाण्याचं उलटं येणं तिथेच थांबे. हवा ओढताना आवाज व्हायचा. सुर्रर्र. काकू कपाळावर हात मारून म्हणायच्या, "एक कमी होता."

पाणी मुरलं, प्रवाळं आली, मासेही आले. काकांना ते सगळं बघायला मिळालं याचा मला आनंद आहे. गेल्या हिवाळ्यात, थंडीने द्राक्षाच्या मण्यांना तडे गेले का हे मुलाला फोनवर विचारत असतानाच ते गेले. भिंतीपलीकडून चार वाजायचे बंद झाले आणि आमच्या घरातला चहा बेचव झाला.

आईला हा पसारा झेपणार नाही म्हणून मुलगा टाकी न्यायला आला होता. काकू नको म्हणाल्या, कारण काही सांगितलं नाही. परवा दुपारी त्यांची वाटी परत द्यायला गेलो, तर त्यांनी मला बसवून चहा दिला. घड्याळाकडे पाहिलं, उठल्या आणि वीज असताना पंपाचं बटण बंद केलं. टाकीतलं पाणी जरा उतरलं.

सुर्रर्र.

"किती वेळा सांगायचं, हळू प्या," काकू म्हणाल्या आणि त्यांनी पंप पुन्हा सुरू केला.