गाव डाव्या हाताला

इटलीतल्या लुक्का गावी तंबाखूच्या कारखान्यात झेलमिरा जिआनोत्तीने जन्मभर चिरूट वळले. बोटं इतकी सवयीची, की चर्चमध्ये बसली तरी मांडीवर रुमालाची सुरळी होत असायची. लग्न केलं नाही. आईचं केलं, बापाचं केलं, दोघांना पोचवलं आणि वर्षभरापूर्वी कारखान्यातून निवृत्त झाली. फटकळ अशी, की भाजीवाला तिला बघून आपणहून चांगले टोमॅटो वर काढायचा.

ऑक्टोबरात एके दिवशी खालच्या कॉफीच्या दुकानात तिच्या नावाने फोन आला. ब्राझीलमधल्या साओ पाउलोहून. डेल्फो, तिचा थोरला भाऊ. महायुद्ध संपल्यावर पोटापाण्यासाठी बोटीत बसला तो अडतीस वर्षं तिकडेच. चर्चच्या मंडळींबरोबर रोमला यात्रेला येणार होता आणि त्यांची बस वाटेत एक दिवस लुक्काला थांबणार होती.

"एकच दिवस?" झेलमिरा फोनात ओरडली. "अरे, माणूस दात काढायला आला तरी दोन दिवस राहतो!"

"भेटू तटावर, सकाळी," डेल्फो म्हणाला आणि फोन तुटला.

आता तटावर म्हणजे कुठे, हे लुक्काचा माणूस विचारत नाही. गावाभोवती तटबंदी, तिच्यावर झाडांचा रुंद रस्ता, आणि आम्ही सगळे तिथेच फिरतो, भांडतो, लग्नं जुळवतो. चालत राहिलं की माणूस भेटतोच. झेलमिरालाही त्यात काही खटकलं नाही.

पुढचा आठवडा तिने शेजारणीचं, अर्सिलियाचं, डोकं खाल्लं. आधी तटावर फेरी, मग आईबापाच्या थडग्यावर फुलं, मग घरी जेवण: खपली गहू आणि राजम्याचं सूप, वर बडीशेप-मनुक्यांचा गोड पाव. मग डेल्फोची जुनी शाळा, मग कारखान्याचं दार, म्हणजे बहीण कुठे झिजली ते त्याला दिसेल.

"अगं, भाऊ येतोय का शाळा-तपासणीचे साहेब?" अर्सिलिया म्हणाली. "श्वास कधी घ्यायचा त्याने?"

"श्वास तिकडे घेतलाय की इतकी वर्षं. तो आता साठी ओलांडलेला. परत कुठला येतोय? हा एक दिवस मला पुरा हवाय, बये. एक मिनिट वाया जाऊ देणार नाही मी."

ठरल्या दिवशी सूप झाकून, केस विंचरून ती तटावर चढली आणि चालू लागली. गाव डाव्या हाताला ठेवून. ही बापाची शिस्त. तो सायकली दुरुस्त करायचा आणि रविवारी पोरांना घेऊन फेरी मारायचा. "गाव काळजाच्या बाजूला हवं," म्हणायचा. जिआनोत्तींच्या घरात उलट फेरी कुणी मारली नव्हती.

एक फेरी झाली. डेल्फो नाही. बस उशिरा आली असेल म्हणून दुसरी सुरू केली. साठीच्या प्रत्येक पुरुषाचं तोंड वाकून बघितलं. एका जर्मन म्हाताऱ्याने तर बायकोला जवळ ओढलं. दुपार झाली. पाय भरून आले. यात्रेत आजारी पडला का? की बसच इथे न थांबता पुढे गेली? एका जागी बसली असती तर? पण बसून वाट बघणं त्या घराण्याच्या रक्तातच नाही.

बुरुजाजवळच्या आइस्क्रीमवाल्याने तिला हटकलं. "सकाळपासून काय पहारा देतेस?"

"भावाला शोधतेय. ब्राझीलहून आलाय."

"पांढऱ्या टोपीचा? अगं, तो दोनदा इथून गेला. लांब काळ्या वेणीची बाई दिसली का, विचारत होता. म्हटलं, नाही बुवा."

झेलमिराचा हात आपल्या आखूड पांढऱ्या केसांकडे गेला. "कुठल्या बाजूने गेला?"

"तू निघालीस त्याच बाजूने."

ती धावतच सुटली. थोडं अंतर गेली आणि थबकली. तोही बापाचाच पोरगा, गाव डावीकडे ठेवून तिला गाठायला पाय उचलत असणार; दोघं एकाच दिशेने फिरत राहिली तर भेट कसली! बापाची शिस्त मोडायला तिच्या जिवावर आलं, पण ती वळली. गाव उजव्या हाताला आलं. झाडं तीच, छपरं तीच, पण जन्मभराच्या ओळखीची जागा परकी वाटायला लागली.

वळणावर पांढरी टोपी दिसली. काठी टेकत, लांबवर नजर लावून येणारा माणूस तिच्या शेजारून सरळ पुढे निघून गेला.

"डेल्फो! मेल्या, बहीण ओळखत नाहीस?"

तो वळला. बघतच राहिला. "तू समोरून कशी? मी आपला पुढच्या बायकांच्या पाठीवर काळी वेणी शोधत चाललो होतो. तुझ्या दारावरही थापा मारून आलो."

"मी इथे असताना दार कोण उघडणार? मेलेले आईबाप?" म्हणताना तिला रडू फुटलं. बस उभी होती तो तटाचा सान पिएत्रो दरवाजा समोर दिसत होता. उन्हं कलली होती. दोघं गवतावर टेकली.

"सगळा दिवस मातीत गेला," ती हुंदके देत म्हणाली. "थडगं राहिलं, शाळा राहिली, सूप तसंच पडलंय."

डेल्फोने बूट काढून सुजलेले पाय गवतावर ठेवले. "मातीत कसा? सकाळपासून आपण दोघं तटावर फिरतोय की. इतकी वर्षं मध्ये समुद्र होता, झेलमिरा. आज नुसती झाडं होती."

तिने त्याच्या दंडावर एक चापट मारली, आणि मग तो दंड सोडलाच नाही.

खाली बसचा भोंगा वाजला. यात्रेकरूंना घेऊन आलेली चर्चची सिस्टर एकेकाचं नाव पुकारत होती. डेल्फोचं नाव आलं, परत आलं. तो बुटाकडे हात नेऊ लागला.

"पुकारू दे," झेलमिरा म्हणाली आणि बूट आपल्या पलीकडे सरकवून ठेवले.