सरांची दोन बोटं

मी पहिलं इंजेक्शन दिलं ते सरांच्या जबड्यात.
आज सकाळी सर गेले.

डेंटल कॉलेजात आम्ही एकमेकांना टोचूनच इंजेक्शन द्यायला शिकलो. माझा हात इतका थरथरायचा की माझ्यासमोर तोंड उघडायला एकही मैत्रीण तयार होईना.
शेवटी शिकवणारे सर स्वतःच खुर्चीत बसले.

"टोच की. जबडा माझा हाय, भितीस तू कशाला?"

तोंड उघडं असताना बोलता येत नाही, म्हणून त्यांनी आपली दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली. मी औषध घाईनं सोडायला लागले की ती बोटं टकटक करायची.
म्हणजे सावकाश.

नंतर अर्धा ओठ बधिर, चहा शर्टावर सांडतोय, आणि हा माणूस सगळ्या स्टाफरूमला सांगतोय, "ही पोरगी टोचलेलं कळू देत न्हाय."
साफ खोटं. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या.

रविवारी सर मटण आणायला जायचे आणि सोबत बकऱ्याची मुंडी घेऊन यायचे. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर, मी तिची हिरडी कापायची आणि परत टाके घालायची.
काकू वैतागायच्या. "ही शिजवायची हाय का शिवायची, ते एकदा सांगा मला."

गेल्या वर्षी सर कसबा बावड्याला माझ्या क्लिनिकमध्ये आले. मास्क काढला. खालच्या हिरडीवर जखम होती, कडा कडक झालेल्या.
दोघांनाही बघताक्षणी कळलं.

या माणसानं जन्मात कधी तंबाखूला हात लावला नव्हता. मला अजून चीड येते.

"बायोप्सी तू घे."
"सर, मोठ्या हॉस्पिटलला जाऊया."
"मग तुला शिकवलं कशाला?"

मी भूल दिली. तुकडा काढला. टाके घातले. त्यांची बोटं माझ्या मनगटावरच होती, पण एकदाही टकटक झाली नाही.
माझा हात जराही थरथरला नाही. त्या दिवशी मला त्या हाताचा राग आला.

रिपोर्ट वाटला होता तसाच आला. ऑपरेशनमध्ये अर्धा जबडा गेला, बोलणं गेलं. मग नाकातली नळी आणि सिरिंजनं सोडायची पेज.

एकदा क्लिनिकला पेशंट खोळंबले होते, म्हणून मी पेज जरा जोरात ढकलली.
मनगटावर टकटक.
मी हसले. मग बाहेर जिन्यात जाऊन भरपूर रडले.

आज सकाळी सरांचा श्वास लांबत चालला. काकूंनी पाण्याची वाटी आणि तुळशीचं पान माझ्या हातात दिलं.
"तूच घाल. तुझा हात वळखीचा हाय त्यास्नी."

मी सरांचा हात उचलला आणि ती दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली.
पाणी थेंबाथेंबानं सोडलं. थोडं ओठांतून बाहेर आलं. मी थांबले, वाट बघितली.

बोटं हलली नाहीत.

सर, तुमच्या पोरीची भावपूर्ण श्रद्धांजली.
सावकाश जावा.